पंधरा वर्षांच्या वॅगन-आरला विजेची मोटर बसवावी का?

प्रश्न : माझ्याकडे २०११ सालची पेट्रोलवर चालणारी वॅगन-आर आहे. वडिलांनी ती निवृत्तीच्या पैशांतून घेतली होती आणि ते गेल्यापासून मीच चालवते. शाहूपुरीतून कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील कार्यालयापर्यंत आठवड्याचे पाच दिवस जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर होतात आणि महिन्याला सात हजारांच्या आसपास पेट्रोल लागते. नोंदणीची पंधरा वर्षे संपत आली आहेत. माझ्या चुलतभावाचे उद्यमनगरात गॅरेज आहे. तो म्हणतो की इंजिन काढून मोटर आणि आठ बॅटऱ्या बसवू, पावणेदोन लाखांत काम होईल, आरटीओचे नंतर बघून घेता येईल. मुलगा म्हणतो की ही मोडीत काढून नवी इलेक्ट्रिक गाडी घ्यावी. दिल्लीत पंधरा वर्षांच्या गाड्यांवर बंदी आहे असे ऐकते, ती उद्या इकडेही आली तर? शिवाय २०२१ च्या पुरात आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी होते आणि गाडीच्या आतही थोडे शिरले होते, त्यामुळे विजेच्या गाडीची भीती वाटते. गाडी विकायला मन होत नाही. काय करावे?
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

पावणेदोन लाखांचे जे काम आपल्या बंधूंनी सुचवले आहे ते करू नये, हे आरंभीच स्पष्ट सांगतो. पुढे सविस्तर लिहितो, कारण हे उत्तर आपण त्यांनाही दाखवाल असे मी धरून चालतो, आणि उद्यमनगरातल्या कारागिराला नुसते ‘नको’ म्हणून भागत नाही. का नको, ते भाग खोलून दाखवावे लागते.

मोटर बसवण्याबद्दलचा त्यांचा आत्मविश्वास अनाठायी नाही. इंजिन उतरवायचे, गिअरबॉक्स आहे तसाच ठेवायचा, त्याच्या तोंडावर बसेल अशी ॲल्युमिनियमची जाड प्लेट कापून घ्यायची आणि मोटरचा व गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत जोडणारा कपलर लेथवर काढायचा, हे काम अवघड असले तरी ज्या शहरात ओतकाम, लेथ आणि ऑइल इंजिन यांवर घरेच्या घरे उभी राहिली, तिथे ते होणार नाही असे कोणी म्हणणार नाही. गाडी चालू होईल, गल्लीतून एक फेरीही मारून येईल आणि आवाज न करता चालणारी वॅगन-आर पाहायला शेजारीपाजारी जमतील. अडचण त्यानंतर सुरू होते, कारण इंजिन हे केवळ चाके फिरवण्यासाठी नसते. ब्रेकला जोर देण्याचे, एसीचा कॉम्प्रेसर फिरवण्याचे आणि दिवे, वायपर, हॉर्न व पॉवर स्टिअरिंग यांना बारा व्होल्टची वीज पुरवण्याचे काम तेच करत असते. इंजिन काढले की ही सगळी कामे बेवारस होतात आणि प्रत्येकासाठी वेगळी सोय करावी लागते.

यांतल्या ब्रेकविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तो अनुभव मी स्वतः घेतला आहे. काही वर्षांपूर्वी एका परिचितांनी अशाच एका गॅरेजमध्ये बदलून घेतलेल्या छोट्या गाडीतून आम्ही तिघे पन्हाळ्याला गेलो होतो. चढ तिने उत्तम चढला. विजेच्या मोटरला सुरुवातीपासूनच भरपूर टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, असतो, त्यामुळे दुसऱ्या गिअरमध्ये ती न कुरकुरता वर गेली. उतरताना वाघबीळच्या अलीकडे एका वळणावर त्यांनी ब्रेक दाबला आणि पेडल दगडासारखे घट्ट लागले. दुसऱ्यांदा दाबले, तरी तसेच. ते जवळजवळ सीटवरून उठून दोन्ही पायांनी पेडलवर उभे राहिले, मी मधून हँडब्रेक थोडा थोडा ओढत राहिलो आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात एक चाक घालून थांबली. खाली उतरलो तेव्हा मागच्या चाकांतून लायनिंग जळल्याचा वास येत होता.

कारण साधे होते. पेट्रोलच्या गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनच्या इनटेकमध्ये हवेची पोकळी तयार होते आणि त्या पोकळीच्या ओढीने ब्रेकचा बूस्टर आपल्या पायाचा जोर कित्येक पटींनी वाढवतो. इंजिन गेले की ती पोकळी गेली. तिच्या जागी विजेवर चालणारा व्हॅक्यूम पंप बसवावा लागतो, आणि त्या गाडीत जुन्या बाजारातून आणलेला जो पंप होता तो वाटेतच बंद पडला होता. पंप बंद पडल्याचे सांगणारा दिवाही डॅशबोर्डवर नव्हता. शिवाय पेट्रोलची गाडी उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनच्या रेट्याने आपोआप रोखली जाते; विजेच्या गाडीत हेच काम मोटर उलटे जनरेटर होऊन करू शकते, परंतु कंट्रोलरमध्ये, म्हणजे मोटरची वीज नियंत्रित करणाऱ्या पेटीत, ती सोय चालू करून नीट जुळवली असेल तरच. त्या गाडीत ती बंद होती. गाडी बदलणारा माणूस हुशार होता, मोटर त्याने सुरेख बसवली होती. ब्रेकची परीक्षा मात्र कोणी घेतलीच नव्हती. ती आम्ही घाटात घेतली.

आता आठ बॅटऱ्यांकडे वळतो. पावणेदोन लाखांत आठ बॅटऱ्या म्हणजे त्या लेड-ॲसिड असणार, घरच्या इन्व्हर्टरला असतात त्या जातीच्या. बारा व्होल्ट आणि शंभर अँपिअर-अवरच्या आठ बॅटऱ्यांत कागदावर ९.६ युनिट वीज मावते, परंतु या जातीची बॅटरी रोज अर्ध्याहून अधिक रिकामी केली तर लवकर मरते, म्हणून वापरायला मिळतात पाच युनिट. आपल्या गाडीला किलोमीटरला ०.१२ युनिट लागेल असे धरले तर नव्या बॅटऱ्यांवर कसेबसे चाळीस किलोमीटर होतात, आणि गाडी जोरात पळवताना जसा जास्त प्रवाह ओढला जातो तशी लेड-ॲसिडची क्षमता आणखी घटते. म्हणजे सकाळी आपण कागलला पोहोचाल, पण संध्याकाळी परतताना गोकुळ शिरगावच्या आसपासच काट्याकडे पाहू लागाल. एकेक बॅटरी सुमारे तीस किलोची, म्हणजे आठ मिळून अडीचशे किलोच्या जवळपास, जणू चार प्रौढ माणसे कायम गाडीत बसलेली आहेत. त्या बंद गाडीत मागच्या सीटखाली ठेवून चार्ज केल्या की हायड्रोजन वायू सुटतो, तो कोंडला तर ठिणगीने पेट घेतो, हा धोका वेगळाच. रोज चार्ज होणारी अशी बॅटरी साधारण तीनशे ते पाचशे फेऱ्यांत (एकदा भरून रिकामी होणे म्हणजे एक फेरी) थकते, म्हणजे दीड-दोन वर्षांत पुन्हा ऐंशी-नव्वद हजारांच्या बॅटऱ्या आल्या. पेट्रोलचे वाचलेले पैसे त्यांतच जातील.

याउलट लिथियम आयर्न फॉस्फेट या रसायनाची पंधरा युनिटांची बॅटरी सव्वाशे ते दीडशे किलोंत बसते, तिच्यातील नव्वद टक्के वीज वापरता येते आणि एका चार्जमध्ये शंभर किलोमीटरहून थोडे अधिक अंतर होते. दोन हजार फेऱ्या ती सहज काढते. आपला रोजचा प्रवास म्हणजे तिची जेमतेम एक तृतीयांश फेरी, त्यामुळे फेऱ्यांनी संपण्याआधी ती वयाने उतरेल, तीही आठ-दहा वर्षांनी. लिथियमच्या इतर प्रकारांपेक्षा हे रसायन उष्णतेला अधिक सोसणारे आहे, सहजासहजी भडकत नाही. रविवारी घरची मंडळी घेऊन पन्हाळ्याला जायचे म्हटले तरी हरकत नाही : बाराशे किलोची भरलेली गाडी सुमारे चारशे मीटर वर नेण्यासाठी जास्तीची सव्वा-दीड युनिट वीज लागते, म्हणजे सपाट रस्त्यावरच्या दहा-बारा किलोमीटरची, आणि उतरताना तिच्यातील काही भाग परत बॅटरीत येतो. सांगलीला जाऊन येणे मात्र काठावरचे होईल आणि पुण्याला जाणे सोडूनच द्यावे, कारण बदललेल्या गाड्यांत बहुधा फास्ट चार्जिंग नसते.

‘आरटीओचे नंतर बघून घेऊ’ या वाक्याची मला बॅटरीपेक्षाही अधिक धास्ती वाटते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने घडवलेल्या गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही. इंधन किंवा ऊर्जेचा स्रोत बदलण्याला कायद्याने वाट ठेवली आहे, पण ती मान्यताप्राप्त किटच्याच दारातून जाते. पेट्रोल किंवा डिझेलच्या गाडीला संपूर्ण विजेवर आणण्याचे नियम केंद्राने २०१६ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत घातले आणि अशा किटची चाचणी एआयएस-१२३ या मानकाप्रमाणे होते. ही चाचणी पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट यांसारख्या सरकारने नेमलेल्या संस्था करतात. त्यांत ब्रेक, वजन, विजेचे विलगीकरण, बॅटरी अशा गोष्टी तपासल्या जातात. घाटात आम्ही जी परीक्षा घेतली ती तिथे गाडी ग्राहकाच्या हाती येण्याआधी होते. परवानगीवाचून असा बदल केलेल्या मालकाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतात. दंडापेक्षा विम्याचे संकट मोठे आहे. आर.सी. वर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, पेट्रोल, बोनेटखाली मोटर आणि समोर अपघातात जखमी झालेला दुचाकीस्वार, अशा वेळी विमा कंपनी पहिला प्रश्न कोणता विचारेल हे सांगायला नको.

म्हणून कोणीही किट विकायला आले तर आधी त्याच्याकडून मान्यतेचे प्रमाणपत्र मागावे आणि त्यातील एकच ओळ शोधावी : ही मान्यता कोणत्या कंपनीच्या, कोणत्या मॉडेलला आणि कोणत्या इंजिनाच्या गाडीला आहे. मान्यता किटला सरसकट मिळत नाही, ती विशिष्ट गाड्यांसाठी असते. ‘आमचे किट एआरएआय मान्य आहे’ हे वाक्य आपल्या २०११ च्या वॅगन-आरपुरते खरे असेलच असे नाही. कधी कधी प्रमाणपत्र नुसत्या मोटरचे किंवा नुसत्या बॅटरीचे असते आणि ते पूर्ण किटचे म्हणून पुढे केले जाते. शिक्का पाहून आपण समाधान मानतो. किट बसवण्याचे कामही त्या कंपनीने अधिकृत केलेल्या केंद्रातच व्हावे लागते. बसवून झाल्यावर चौदा दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकरणाला, म्हणजे आपल्या एमएच-०९ च्या कार्यालयाला कळवायचे, गाडी तपासणीला न्यायची, आर.सी. मध्ये इंधनाच्या जागी विजेची नोंद करून घ्यायची, हिरव्या रंगाची नंबरप्लेट लावायची आणि विमा कंपनीकडून पॉलिसीत बदल करून घ्यायचा, असा हा क्रम आहे. गाडीचे वय मात्र त्याने कमी होत नाही. निर्मितीचे साल २०११ च राहते.

आपल्या बंधूंना यातून एक वाट दिसावी असे वाटते. हात इतका चांगला असेल तर मान्यताप्राप्त किट बनवणाऱ्या एखाद्या कंपनीचे बसवणी-केंद्र आपल्या गॅरेजमध्ये घेण्याचा त्यांनी विचार करावा. कोल्हापुरात अशा माणसाची गरज पडणार आहे. पहिला प्रयोग बहिणीच्या गाडीवर मात्र नको.

आता पैशांकडे येऊ. आपला वर्षाचा प्रवास बारा हजार किलोमीटर धरला, गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये आहे असे मानले, तर वर्षाला ८४,००० रुपये पेट्रोलला जातात, जे आपल्या महिन्याच्या सात हजारांशी जुळते. विजेवर तेवढ्याच अंतराला, चार्जिंगमधली गळती धरून, १,५६० युनिट लागतील. घरच्या बिलात दरमहा एकशे तीस युनिटांची भर पडेल. एकूण वापर तीनशेच्या आत राहिला तर सगळे आकार मिळून युनिटला बारा रुपये धरू, म्हणजे वर्षाला १८,७२० रुपये. वापर तीनशेच्या वर गेला तर पुढचा टप्पा महाग आहे, हे ध्यानात ठेवावे. ऑइल, फिल्टर, प्लग यांचा खर्च वाचतो तो मिळवून वर्षाची बचत सत्तर हजार रुपये होते. ही बचत खरी आहे, तिला कोणी नाकारत नाही.

परंतु मान्यताप्राप्त किट, पंधरा युनिटांची लिथियम बॅटरी आणि बसवणी मिळून पाच लाख रुपये हिशेबासाठी धरले, तर ते वसूल व्हायला सात वर्षे लागतात, आणि तेच पैसे बँकेत ठेवले असते तर मिळाले असते ते व्याज मोजले तर त्याहूनही अधिक. तोवर गाडी बावीस वर्षांची झालेली असेल. आज जिला बाजारात सव्वा-दीड लाख मिळतील तिच्यावर पाच लाखांची बॅटरी चढवणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड होण्यासारखे आहे. दिवसाला शंभर किलोमीटर फिरणाऱ्या माणसाला हेच गणित अडीच-तीन वर्षांत सुटते; माल पोहोचवणारे, ठरलेल्या रस्त्यावर रोज फिरणारे लोक याचा विचार करतात तो उगाच नव्हे. चाळीस किलोमीटरला ते सुटत नाही.

याउपर एक गोष्ट अशी आहे की जिच्यामुळे हे सगळे गणित गैरलागू ठरू शकते, आणि आपल्या पत्रात ती पुराच्या भीतीच्या निमित्ताने येऊन गेली आहे. २०२१ मध्ये गाडीच्या आत पाणी शिरले होते, असे आपण लिहिता. पुराचे पाणी म्हणजे गाळ. सीट आणि कारपेट धुऊन वाळवले तरी कारपेटखालच्या जाड नमद्यात ओल राहते, आणि पत्रा वरून नव्हे तर त्या ओलीच्या बाजूने आतून खात जातो. बंधूंकडून या एका कामाची मदत अवश्य घ्यावी : पुढच्या दोन्ही सीट काढायच्या, कारपेट पूर्ण उचलायचे, गाडी रॅम्पवर चढवायची आणि मागच्या सस्पेन्शनचे माउंट, दारांखालची पट्टी आणि फ्लोअरचे सांधे यांवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मागच्या मुठीने ठोकत जायचे. खणखणीत आवाज आला तर पत्रा धड आहे. बद्द आवाज आला किंवा रंगाची पापडी सुटली तर तिथे टोक दाबून पाहायचे. टोक आत गेले तर तिथेच विषय संपला, कारण दीडशे किलोची बॅटरी ज्या पत्र्याला बोल्टने धरायची तोच पत्रा कुजलेला असेल, तर कोणतेही मान्य किट त्या गाडीला सुरक्षित करू शकत नाही. किट विकणारा क्वचितच स्वतःहून कारपेट उचलतो, म्हणून हे काम कोणालाही आगाऊ रक्कम देण्याआधी झाले पाहिजे. नाहीतर आधी कळस मग पाया असे होते.

पूर आणि विजेची गाडी यांविषयीची आपली भीती अर्धी रास्त आहे. चांगल्या बॅटरीच्या पेटीला आयपी-६७ दर्जा असतो. त्याचा अर्थ एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहून आत पाणी जाणार नाही. पावसातून, रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून जाण्यास हे पुरेसे आहे, शॉक बसेल ही भीती बाळगू नये. पंचगंगेचे पाणी मात्र अर्ध्या तासात उतरत नाही, ते दिवसेंदिवस पार्किंगमध्ये बसून राहते, आणि तशा मुक्कामाची हमी कोणतीही पेटी देत नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर आले की गाडी उंचावरच्या एखाद्या नातेवाइकांकडे हलवावी, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट पाहू नये. हे पेट्रोलच्या गाडीलाही लागू आहे. विजेची गाडी बुडालीच तर ती सुरू करायची नाही, चार्जरला लावायची नाही, पाणी उतरल्यावर टोचन करून तज्ज्ञाकडे न्यायची, कारण बुडालेली बॅटरी कधी कधी काही दिवसांनी पेट घेते. पुढेमागे घरी चार्जिंगची सोय केलीत तर सॉकेट पार्किंगच्या भिंतीवर २०२१ च्या पाण्याची जी रेघ असेल तिच्या वर दोन फूट घ्यावे. ते साध्या पॉवर प्लगच्या जुन्या वायरीवर न घेता मीटरपासून स्वतंत्र जाड वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (विजेची गळती होताच ती तोडणारा स्विच) आणि तपासलेले अर्थिंग घालून घ्यावे, कारण पाच-पाच तास सलग पूर्ण भार वाहणारी घरातील दुसरी वस्तू आपल्याकडे बहुधा नसते.

दिल्लीच्या बंदीने आपण घाबरू नये. दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरील निर्बंध राष्ट्रीय हरित लवादाच्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी तिथल्या हवेच्या स्थितीमुळे राजधानी क्षेत्रापुरते आले. गाडी विजेवर बदलून घेण्याची चर्चाही तिथे त्यामुळेच अधिक झाली, आणि वर्तमानपत्रांतून ती आपल्यापर्यंत जशीच्या तशी पोहोचते. महाराष्ट्रात खासगी गाडीची पंधरा वर्षे भरली म्हणजे ती बाद झाली असे होत नाही. ती तपासणीत पात्र ठरली तर नोंदणी पुढे पाच वर्षांसाठी मिळते.

आपल्या चिरंजीवांच्या म्हणण्यात मात्र बरेच तथ्य आहे, फक्त ‘मोडीत काढा’ हे अर्धे वाक्य सोडून. छोटी नवी इलेक्ट्रिक गाडी आठ लाखांच्या आसपास सुरू होते. जुन्या गाडीवर पाच लाख घालण्याऐवजी आणखी तीन लाख घातले तर नवा सांगाडा, एअरबॅग, फास्ट चार्जिंग आणि बॅटरीवर बहुतेक कंपन्यांची आठ वर्षांची हमी मिळते. वडिलांची गाडी जपणे आणि रोज कागलला जाणे ही दोन कामे आपण एकाच गाडीकडून करून घेऊ पाहता, म्हणून हा गुंता झाला आहे. विजेचा फायदा किलोमीटरवर मिळतो, आणि आठवण जपायला किलोमीटर लागत नाहीत. वॅगन-आर वर्षाला दोन हजार किलोमीटर पेट्रोलवरच चालली तर पेट्रोलला चौदा हजार रुपये लागतात. तेवढ्यासाठी तिच्या पोटातून इंजिन उपटण्याचे कारण नाही. उलट वडिलांनी घेतली तशीच ती राहील. रोजचे चाळीस किलोमीटर नव्या किंवा हमी शिल्लक असलेल्या जुन्या इलेक्ट्रिक गाडीवर टाकावेत. दोन गाड्या उभ्या करायला जागा नसेल किंवा इतक्यात एवढी रक्कम काढायची नसेल, तर पत्रा धड असल्यास मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवून त्याची नोंद आर.सी. वर करून घेणे हा कमी खर्चाचा मार्ग आहे. त्याला साठ हजारांच्या आसपास खर्च येतो आणि आपल्या प्रवासात तो दोन वर्षांत भरून निघू शकतो. डिकी मात्र जवळजवळ पूर्ण जाते.

आणि हे सगळे समजूनही ‘मला हीच गाडी हवी आणि ती विजेवरच हवी’ असे आपले मन सांगत असेल, तर तेही चुकीचे नाही. माणसे घराच्या जुन्या लाकडी झोपाळ्यावरही हिशेबाबाहेर खर्च करतात. तेव्हा कारपेटखालचा पत्रा खणखणीत असावा आणि प्रमाणपत्रावर आपलेच मॉडेल असावे, या दोन बाबींवर तडजोड करू नये, आणि त्या पाच लाखांची पेट्रोलच्या बचतीतून भरपाई होईल ही अपेक्षा ठेवू नये.

यांपैकी कोणताही निर्णय झाला तरी नोंदणीचे काम थांबू देऊ नये. आर.सी. वरील मुदतीच्या आधी साठ दिवसांपासून नूतनीकरणाचा अर्ज, म्हणजे नमुना २५, भरता येतो. मोटारीसाठी हे शुल्क एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये झाले आहे आणि पंधरा वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. तपासणीला नेण्याआधी पीयूसी आणि विमा चालू असावा, चारही टायर, ब्रेक आणि दिवे बंधूंकडून पाहून घ्यावेत. त्याच वेळी गाडी रॅम्पवर असेल, तेव्हा कारपेटही उचलून घ्यावे.